अन्नांतील उष्णता : एका मापाची कथा

नागपूरच्या आग्नेयेस साधारण पंचेचाळीस किलोमीटरांवर उमरेड हें गांव आहे. रेशमी कांठाच्या धोतरांसाठीं तें एके काळीं प्रसिद्ध होतें. शेजारच्या भिवापूरची मिरची आजही दूरवर जाते. आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत गांवालगत दगडी कोळशाची उघडी खाण सुरू झाली. या कोळशाची प्रत ठरविण्याची रीत २०१२ सालच्या १ जानेवारीपासून बदलली. एक किलो कोळसा जाळला असतां किती उष्णता निघते, या एकाच आंकड्यावर तेव्हांपासून देशांतील अशा कोळशाची प्रतवारी होऊं लागली. किलोमागें सात हजारांहून अधिक उष्मांक देणारा कोळसा पहिल्या प्रतीचा. तेथून तीनतीनशें उष्मांकांच्या पायऱ्यांनीं उतरत ती यादी सतराव्या प्रतीपर्यंत जाते.

ज्या ज्वारीची भाकरी या भागांतील घरांत पिढ्यान् पिढ्या भाजली गेली, तिलाही असाच एक आंकडा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचीं जीं कोष्टकें अनेक वर्षें प्रमाण मानलीं गेलीं, त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीचे ३४९ उष्मांक दिले आहेत. म्हणजे किलोमागें ३४९०. कोळशाच्या यादींत हा आंकडा तेराव्या प्रतींत जाऊन बसेल. जात्यांत पडणारी ज्वारी आणि वीजगृहाच्या भट्टींत पडणारा हलक्या जातीचा कोळसा यांना एकच माप लागावें, हें प्रथम ऐकणाऱ्यास विचित्र वाटेल. परंतु हें माप धान्याला कोणी लावलें आणि पुढें त्याचा उपयोग कोणीं कशासाठीं केला, हा इतिहास केवळ रसायनशास्त्राचा नाहीं. त्यांत दख्खनच्या दुष्काळी कामांवरील मजुरांची भाकरी आहे, सातारा जिल्ह्यांत जन्मलेल्या दोन विद्वानांचा गाजलेला वाद आहे, आणि देशांत गरीब कोणास म्हणावें हा अद्याप न मिटलेला प्रश्नही आहे.

माध्यमिक शाळेंतील मुलांकडून हें मोजमाप करवून घेण्याची एक सोपी रीत आहे. वऱ्हाड-नागपुराकडे ज्यास फल्लीदाणा म्हणतात तो भुईमुगाचा दाणा तोलून घ्यावयाचा, टाचणीच्या टोकाला टोंचून ती टाचणी बुचांत उभी करावयाची, वर परीक्षानळींत मोजून पाणी घ्यावयाचें, पाण्याचें तपमान पाहावयाचें आणि दाण्याला आगकाडी लावावयाची. दाणा आरंभीं कुरकुरतो. पण एकदां त्यांतील तेलानें पेट घेतला म्हणजे मेणबत्तीसारखा पिंवळ्या ज्योतीनें जळतो. तो विझला कीं पाण्याचें तपमान पुन्हां पाहावयाचें. समजा दाणा अर्ध्या ग्रॅमचा होता, पाणी वीस ग्रॅम होतें आणि तें तीस अंशांनीं तापलें. वीस गुणिले तीस म्हणजे सहाशें लघु कॅलरी. एका ग्रॅमास बाराशें, अर्थात् १.२ उष्मांक, कारण आहारशास्त्रांतील उष्मांक हा हजार लघु कॅलरींचा, म्हणजे एक किलो पाणी एक अंश तापविणाऱ्या उष्णतेचा असतो. (या दोन कॅलरींच्या घोटाळ्यानें विद्यार्थ्यांचे जितके गुण गेले असतील, तितके क्वचितच दुसऱ्या कशानें गेले असतील.) पुस्तकांतील कोष्टक मात्र सांगतें कीं एका ग्रॅम शेंगदाण्यांत ५.६७ उष्मांक असतात.

मुलाच्या हातीं लागला तो सत्याचा जेमतेम पांचवा भाग. राहिलेली उष्णता गेली कोठें? कांहीं भोंवतालची हवा तापविण्यांत गेली, कांहीं कांच तापविण्यांत. कांहीं नळीच्या बुडाशीं काजळी होऊन बसली, कारण काजळी म्हणजे न जळलेलें इंधनच. आणि टाचणीवर जो काळा कोळ उरला त्यांतही बरीचशी अडकून राहिली. खिडकींतून वारा येत असला तर उत्तर आणखी खालीं येतें. पत्र्याच्या डब्याचा आडोसा केला तर वर चढतें. उत्तर पुस्तकाशीं जुळावें म्हणून आंकडे मागून बसवून घेण्याचा मोह अशा वेळीं मुलांना होतो, आणि खरें बोलावयाचें तर तो केवळ मुलांनाच होतो असें नाहीं. वास्तविक या प्रयोगांतील मोलाची वस्तु ती हरवलेली उष्णताच होय. तिला पकडण्यासाठीं युरोपांतील उत्तम बुद्धीच्या माणसांनीं शंभर वर्षें खर्च केलीं.

येथें एका समजुतीचा उल्लेख करावयास हवा. आपल्याकडील घरांत पपई उष्ण आणि ताक थंड असें मानतात. तो वैद्यकाच्या परंपरेंतील गुणविचार आहे. जाळून निघणाऱ्या उष्णतेशीं त्याचा संबंध नाहीं. भिवापुरी मिरचीनें तोंडाची जी आग होते तीही उष्मामापकांत सांपडावयाची नाहीं. मिरचींतील तिखट द्रव्य जिभेवरील उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवितें, इतकेंच. उलट, जिभेवर अगदीं सौम्य लागणारें तूप हें घरांतील सर्वांत भारी इंधन आहे.

अन्न शरीरांत जळतें ही कल्पना प्रयोगाच्या आधारावर उभी करण्याचा मान पॅरिसच्या अंत्वान लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाकडे जातो. १७८२-८३ च्या हिवाळ्यांत त्यानें आणि गणिती लाप्लास यानें एक बर्फाचें यंत्र तयार केलें. मध्यें जाळीचा पिंजरा, त्याभोंवतीं बर्फ, आणि त्या बर्फाभोंवतीं बर्फाचाच दुसरा थर. खोलींतील उष्णता आंत शिरूं लागली तर ती बाहेरच्या थरांतच अडे. आंतला बर्फ वितळे तो केवळ पिंजऱ्यांतील वस्तूच्या उष्णतेनें. पिंजऱ्यांत त्यांनीं एक गिनीपिग ठेवला. दहा तासांत त्यानें सुमारें तेरा औंस बर्फ वितळविला. तितक्याच काळांत त्याच्या श्वासांतून जेवढा कार्बन बाहेर पडला तेवढा कोळसा जाळून पाहिला, तर बर्फ त्याहून थोडा कमी वितळला. पण फरक असा नव्हता कीं दोन्ही क्रिया वेगळ्या मानाव्या. श्वसन म्हणजे एक प्रकारचें मंद ज्वलनच होय, असा निष्कर्ष त्यांनीं काढला.

याच लाव्हाझिएनें पुढें आर्मां सेगॅं या सहकाऱ्यावर प्रयोग केले आणि श्रम करणाऱ्या माणसास प्राणवायु अधिक लागतो हें दाखविलें. १७८९ सालीं, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षीं, या विषयावर लिहितांना तो प्रयोगशाळेच्या बाहेर पडला. श्रीमंताला ज्याची फारशी गरज नाहीं तें अन्न त्याच्यापाशीं विपुल असावें, आणि हातानें काम करून ज्याचें शरीर अधिक जळतें त्या गरिबाच्या वांट्यास तें कमी यावें, या विषमतेकडे त्यानें वाचकांचें लक्ष वेधलें. उष्मांकाचें शास्त्र पुढें जेथें जेथें गेलें तेथें हा प्रश्न त्याच्या मागोमाग गेला. खुद्द लाव्हाझिएचा मात्र १७९४ मध्यें क्रांतिकारकांनीं शिरच्छेद केला. तो जुन्या राजवटींत करवसुलीच्या मक्तेदारांपैकीं एक होता.

‘कॅलरी’ हा शब्द १८२० च्या सुमारास निकोला क्लेमां या फ्रेंच अध्यापकाच्या व्याख्यानांतून आला. तो वाफेच्या यंत्रांसाठीं होता, जेवणाच्या ताटासाठीं नव्हे. ताटापर्यंत त्याला यावयास बराच काळ लागला, कारण मधल्या काळांत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याच्या मताचा मोठा दरारा होता. त्याचें म्हणणें असें कीं स्नायूंचें बळ फक्त नत्रयुक्त अन्नांतून, म्हणजे मांस, डाळी अशा पदार्थांतूनच येतें. पिष्ट व स्निग्ध पदार्थ अंग ऊन ठेवण्यापुरते. हें मत खोडून काढण्याची रीत मोठी गमतीची आहे. १८६५ मध्यें फिक आणि व्हिस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हा डोंगर चढून गेले. आदल्या दिवसापासून त्यांनीं पिष्ट, चरबी आणि साखर यांखेरीज कांहीं खाल्लें नव्हतें. चढतांना व चढल्यावर मूत्रांतील नत्र मोजून शरीरांतील किती प्रथिनें खर्चीं पडलीं याचा त्यांनीं हिशेब केला. पण एक दुवा उणा होता : तेवढ्या प्रथिनांतून उष्णता किती निघते हें कोणी मोजलेलेंच नव्हतें.

तो दुवा फिकचा मेहुणा एडवर्ड फ्रँकलंड यानें लंडनांत पुरविला. १८६६ सालीं त्यानें चीज, बटाटे, सफरचंद, ओटचें पीठ, तांदळाचें पीठ असे अनेक पदार्थ वाळवून, प्राणवायु देणाऱ्या क्षारांत मिसळून, पाण्याखालीं बुडविलेल्या नळींत जाळले आणि प्रत्येकाची उष्णता नोंदविली. निघणारे वायूही पाण्यांतूनच वर येत, त्यामुळें त्यांची ऊबही वायां जात नसे. दोघां प्राध्यापकांचीं शरीरें डोंगरावर चढविण्यास खर्चीं पडलेलीं प्रथिनें मुळींच पुरेशीं नव्हतीं, असा निकाल लागला. भाताच्या पेजेवर दिवसभर नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला हें सांगावयास नको होतें. पण शास्त्राला पुराव्यावांचून चालत नाहीं.

फ्रँकलंडच्या या कोष्टकाला अकरा वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच अन्नाच्या मोजमापाचा एक निराळाच प्रयोग दख्खनच्या पठारावर झाला. त्यांत परीक्षानळी नव्हती.

१८७६ चा पाऊस गेला आणि पुणें, नगर, सोलापूर, सातारा या भागांत दुष्काळ पडला; मद्रास इलाख्यांत तर तो याहूनही भीषण होता. जानेवारी १८७७ मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी खर्चावर देखरेख करण्यासाठीं पाठविलें. टेंपल यांची पूर्वपीठिका ध्यानांत घेतली पाहिजे. १८७३-७४ मध्यें बिहारच्या टंचाईंत त्यांनीं ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून सढळ हातानें वांटला होता; भूकबळी फार थोडे पडले होते; आणि एवढें करून त्यांच्या पदरीं आला तो उधळपट्टीचा ठपका. दुसऱ्या वेळीं तो ठपका येऊं द्यावयाचा नाहीं, असा निश्चय त्यांच्या प्रत्येक हुकमांत दिसतो. दुष्काळी कामांवरील पुरुषास दिवसाला मिळणारें धान्य दीड पौंडांवरून त्यांनीं एक पौंडावर आणलें. वर अर्धा आणा रोख, मीठ-मिरचीसाठीं. बायका व मुलें यांना त्याहून कमी.

मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. विल्यम कॉर्निश यांनीं या हुकमास उघड विरोध केला. सरकारच्या तुरुंगांत सक्तमजुरीच्या कैद्याला जें अन्न देतात, त्याहून कमी अन्नावर निरपराध माणसानें दिवसभर माती वाहावी असें सरकार कोणत्या आधारावर म्हणतें, हा त्यांचा सवाल होता. त्यांच्यापाशीं तुरुंगांतील अनुभव होता, रोड्यांचीं झिजत चाललेलीं शरीरें डोळ्यांसमोर होतीं. पण आहाराचा हिशेब ते मांडीत होते तो त्या काळच्या रीतीप्रमाणें नत्र आणि कार्बन यांच्या वजनांत. टेंपल यांनीं असल्या शास्त्रीय विवेचनास फारसें महत्त्व दिलें नाहीं. एक पौंड पुरतें कीं नाहीं हें प्रत्यक्षच पाहावें, असा त्यांचा एकूण रोख होता.

आज तो हिशेब कोणालाही मांडतां येईल. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. कोष्टकांतील ज्वारीच्या आंकड्यानें त्याचे सुमारें १५८० उष्मांक होतात. दीड पौंडाचे सुमारें २३७५. कांहीं न करतां अंथरुणावर पडून राहणाऱ्या पुरुषासही, त्याच्या वजनाप्रमाणें, दिवसाला तेराशें ते पंधराशें उष्मांक लागतात; तेवढ्यांत केवळ हृदय चालतें, श्वास चालतो व अंग ऊन राहतें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०१० सालीं साठ किलो वजनाच्या, जड श्रम करणाऱ्या पुरुषासाठीं ३४९० उष्मांक धरले. योगायोग असा कीं, एक किलो ज्वारीचा आंकडा नेमका तोच. १८७७ चा मजूर साठ किलोंचा खासच नव्हता आणि त्याची गरज त्या मानानें कमी धरली पाहिजे. अर्ध्या आण्यांतही चिमूटभर डाळ येत असेल. तथापि कितीही सूट दिली तरी टेंपल यांच्या पौंडांतून खडी फोडण्यास शिल्लक उरत नव्हती. त्यांतून कामें घरापासून दूर. जाण्यायेण्याची पायपीट निराळी.

मजुरांनीं उष्मांक हा शब्द ऐकला नव्हता, पण हिशेब त्यांना पक्का कळला होता. १८७७ च्या आरंभीं मुंबई इलाख्यांतील दुष्काळी कामांवरील हजारों माणसांनीं नव्या दरानें काम करण्याचें नाकारलें आणि तीं कामें सोडून निघून गेलीं. पुणें सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू उचलली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच ‘सार्वजनिक काका’, आणि न्यायमूर्ति रानडे यांच्या प्रेरणेनें चाललेल्या या संस्थेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. संपाला अशा रीतीनें आंकड्यांचा व वृत्तांतांचा आधार देण्याचें हें काम आपल्या सार्वजनिक जीवनांत नवें होतें. मद्रास सरकारनें पुढें धान्याचें प्रमाण पुन्हां वाढविलें. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर आणि त्यामागून आलेल्या दुष्काळ संहितांनंतर एक पौंडाची कल्पना मागें पडली. परंतु मधल्या महिन्यांत जे गेले ते गेले.

युरोपांत या सुमारास मोजण्याचें साधन मात्र झपाट्यानें सुधारत होतें. १८८१ मध्यें फ्रान्समध्यें मार्सलें बर्थलो यानें पोलादी ‘बाँब’ सिद्ध केला. नांव भयंकर असलें तरी तो स्फोटक नव्हे. जाड पोलादाचें एक बंद भांडें आहे. आंत वस्तु ठेवून दाबाखालीं प्राणवायु भरावयाचा, भांडें पाण्यांत बुडवावयाचें आणि विजेच्या तारेनें ठिणगी द्यावयाची. वस्तु क्षणांत निःशेष जळते; काजळी नाहीं, कोळ नाहीं, वारा नाहीं. निघालेली सारी उष्णता पाण्यालाच द्यावी लागते. कोळशाची प्रत ज्या यंत्रानें ठरते तें हेंच यंत्र.

पण शरीर हा पोलादी बाँब नव्हे, आणि अन्नाच्या बाबतींत खरी अडचण येथूनच सुरू होते. पोटांत गेलेल्या अन्नापैकीं कांहीं न पचतां बाहेर पडतें. प्रथिनें शरीरांत पुरतीं जळतच नाहींत, त्यांचा कांहीं भाग मूत्रावाटे युरिया होऊन जातो. जर्मनींत रूबनर यानें आणि त्यानंतर अमेरिकेंत विल्बर अ‍ॅटवॉटर यानें ही तूट मोजली. अ‍ॅटवॉटरनें मिडलटाउन गांवीं एक माणूस राहूं शकेल एवढी तांब्याची खोली बांधविली. तींत माणूस दिवसेंदिवस राही, झोंपे, एका जागीं खिळलेली सायकल चालवी. आणि त्याच्या अंगांतून निघणारी उष्णता नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यानें बाहेर नेऊन मोजली जाई. लाव्हाझिएच्या गिनीपिगाची जागा माणसानें घेतली, बर्फाची जागा पाण्यानें. या खटाटोपाचें फळ म्हणजे तीन साधे आंकडे : एक ग्रॅम प्रथिनास चार उष्मांक, पिष्टास चार, स्निग्धास नऊ.

हे आंकडे इतके सोयीचे ठरले कीं पुढें अन्न जाळण्याची गरजच उरली नाहीं. कोष्टकांतील शेंगदाण्याचे ५६७ उष्मांक कोणी दाणे जाळून काढलेले नाहींत. शंभर ग्रॅम दाण्यांत २५.३ ग्रॅम प्रथिनें, ४०.१ ग्रॅम स्निग्ध आणि २६.१ ग्रॅम पिष्ट. त्यांस चार, नऊ व चार यांनीं गुणून बेरीज केली कीं तो आंकडा येतो. ज्वारीचे ३४९ देखील १०.४, १.९ आणि ७२.६ यांवरून तसेच निघतात. म्हणून कोळशाचा आंकडा आणि ज्वारीचा आंकडा दिसावयास एक असले तरी एक भट्टींतला आहे, दुसरा शरीराची वजावट करून घेतलेला आहे. शाळेंतील मुलाचें उत्तर ज्याच्याशीं ताडून पाहतात तें, अशा रीतीनें, अमेरिकेंतील त्या तांब्याच्या खोलींतून आलेलें असतें.

भारतीय धान्यांचीं कोष्टकें तयार झालीं तीं निलगिरीवरील कुन्नूर येथें. तेथील पोषण प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांनीं १९३७ सालीं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांवर एक छोटें पुस्तक काढलें. ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, अंबाडी अशीं इंग्रजी ग्रंथांत कधीं न आढळणारीं नांवें त्यांत ओळीनें येतात. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्यें हैदराबादेस गेली आणि पुढें राष्ट्रीय पोषण संस्था झाली. कुन्नूरला कांहीं काळ डॉ. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांनीं काम केलें. मुंबईच्या विज्ञान संस्थेंत आल्यावर त्यांनीं डाळी व नीरा यांचा अभ्यास केला. त्यांचें बरेंचसें संशोधन जीवनसत्त्वें व प्रथिनें यांविषयीं होतें, म्हणजे उष्मांकाच्या तराजूंत ज्यांचें सारें मोल भरत नाहीं अशा गोष्टींविषयीं. डाळींतील कांहीं द्रव्यें प्रथिनांच्या पचनालाच अडथळा करतात, असा शोध ज्या क्षेत्रांत लागतो तेथें चार-नऊ-चार पुरे पडत नाहींत. उष्मांकांचा आंकडा भरला म्हणून पोषण झालें असें नव्हे, ही जाणीव या पिढीपासून पक्की झाली.

तरीही १९७१ सालीं तोच आंकडा देशाच्या राजकारणांत मध्यभागीं येऊन बसला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनीं ‘भारतांतील दारिद्र्य’ या विषयावर आपला प्रसिद्ध अभ्यास त्या वर्षीं मांडला. किमान आहार म्हणून त्यांनीं दरडोई दररोज २२५० उष्मांक धरले. तेवढे उष्मांक ज्या खर्चाच्या पातळीवर घरांत येतात ती पातळी त्यांनीं राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आंकड्यांतून शोधली. १९६०-६१ च्या भावांनीं ती खेड्यांत वर्षाला दरडोई १८० रुपये आणि शहरांत २७० रुपये ठरली. त्याखालीं खेड्यांतील सुमारें चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारें पन्नास टक्के लोक होते. दारिद्र्याला असा मोजण्याजोगा कांठ मिळाला.

याला आव्हान आलें तें डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याकडून. सातारा जिल्ह्यांतील बुध या खेड्यांत १९११ सालीं जन्मलेले सुखात्मे हे जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनीं रोममध्यें सुमारें वीस वर्षें काढलीं. जगांतील दोनतृतीयांश माणसें भुकेलीं आहेत, हें युद्धोत्तर काळांत फार उद्धृत होणारें विधान आंकड्यांवर टिकत नाहीं, हें त्यांनींच दाखविलें होतें. पुण्यास परतल्यावर त्यांनीं उष्मांकाच्या रेषेकडे मोर्चा वळविला. त्यांचा मुद्दा थोडक्यांत असा : २२५० ही सरासरी आहे, सरासरीच्या खालीं असलेला प्रत्येकजण उपाशी कसा? माणसामाणसाची गरज निराळी असते, इतकेंच नव्हे तर एकाच माणसाचें खाणें व खर्चणें आठवड्याआठवड्याला कमीजास्त होत असतें आणि शरीर त्यांत आपला तोल सांभाळीत असतें. सबब उपासमारीची सीमा सरासरीच्या बरीच खालीं ओढली पाहिजे. याला जोडून ते आणखी एक गोष्ट आग्रहानें सांगत. खेड्यांतील मुलांचें अन्न कमी पडतें तें पुष्कळ वेळां ताटांत नव्हे, आंतड्यांत. घाणेरड्या पाण्यानें होणाऱ्या हगवणींतून खाल्लेलें वाहून जातें. तेव्हां आधीं शुद्ध पाणी द्या.

दांडेकरांचा जन्मही साताऱ्याचाच, १९२० चा. त्यांनीं १९८० नंतरच्या वर्षांत या मताचा कडक समाचार घेतला. आपण व्यक्तींची मोजणी केलेलीच नाहीं. एका खर्चगटांतील असंख्य घरांची सरासरी घेतली आहे, आणि सरासरीची तुलना सरासरीशींच करावयाची असते, असा त्यांचा प्रतिवाद होता. रेषा खालीं ओढली कीं कागदावरचे गरीब कमी होतात, पोटें मात्र होतीं तशींच राहतात.

या वादांत कोणा एकाच्या बाजूनें निकाल देणें सोपें नाहीं. सरासरीला किमान मानूं नये हें सुखात्मे यांचें म्हणणें संख्याशास्त्र म्हणून बिनतोड आहे, आणि पाण्याविषयींचा त्यांचा आग्रह काळानें खरा ठरविला आहे. परंतु शरीर तोल सांभाळतें याचा अर्थ तें फुकट सांभाळतें असा होत नाहीं. कमी अन्नावर शरीर जुळवून घेतें तें कमी हालचाल करून, किंवा वाढत्या वयांत कमी वाढून. कॉर्निश यांनीं हीच गोष्ट टेंपल यांना सांगितली होती. एक पौंडावर माणूस जगत नाहीं असें ते म्हणाले नव्हते. एक पौंडावर तो काम करून टिकत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

सरकारी समित्यांनीं पुढें ही रेषा अनेकदां हलविली. १९७९ च्या कार्यगटानें खेड्यांसाठीं २४०० आणि शहरांसाठीं २१०० उष्मांक धरले; शेतांतील अंगमेहनत अधिक म्हणून खेड्याचा आंकडा मोठा. २००९ मध्यें प्रा. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीनें दारिद्र्यरेषेला उष्मांकाशीं बांधून ठेवण्याची प्रथाच सोडून दिली. २०१४ च्या रंगराजन समितीनें उष्मांक परत आणले, खेड्यांत २१५५ व शहरांत २०९०, आणि त्यांच्या जोडीला प्रथिनें व स्निग्ध पदार्थही घेतले.

ज्वारीचा आंकडाही पूर्वीचा राहिलेला नाहीं. राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं देशभरांतून नमुने आणवून, त्यांचें नव्यानें पृथक्करण करून नवीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांत तंतुमय भाग पिष्टापासून निराळा मोजला आहे आणि उष्णता किलोज्यूल या मापांत दिली आहे. कॅलरीचा रकानाच त्या पानांवर नाहीं. शंभर ग्रॅम ज्वारीस १३९८ किलोज्यूल, म्हणजे जुन्या भाषेंत ३३४ उष्मांक. त्या हिशेबानें सर रिचर्ड टेंपल यांच्या एक पौंड धान्याचे होतात सुमारें १५१५.